भूल देणारे हात

७ जुलै

पुस्तकांचं वर्ष संपलं. आजपासून माणसं.

सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारात कर्नल रॅन्समनी आम्हा सगळ्यांना ओळीने उभं केलं. बाई आमच्या अभ्यासक्रमाच्या प्रमुख. बुटक्या, चष्मा कायम कपाळावर, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागतं. म्हणाल्या, "वर्षभर रबरी पुतळ्यांना भूल दिलीत. पुतळे मरत नाहीत. ती सवय आता मोडा." मग ते नेहमीचं: "इथे तुमच्या पाठीशी मी आहे. उद्या कुठल्यातरी वाळवंटात तंबू असेल, सर्जन असेल, टेबलावर एखादं पोरगं असेल. मागे वळून बघाल तर मागे नुसतं तंबूचं कापड."

मला पहिलाच मिळाला तो हर्नियाचा सार्जंट. मास्क लावायला वाकले तेव्हा म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही हे आधी केलंय ना?"

म्हटलं, "पुष्कळदा." पुतळ्यांवर, हे नाही सांगितलं.

नळी पहिल्या झटक्यात श्वासनळीत गेली. त्याची छाती वर आली, खाली गेली. अतिदक्षता विभागात इतकी वर्षं नर्स म्हणून काढली, हजारो छात्या वरखाली होताना पाहिल्या. पण ही माझ्या हाताने होत होती. बाहेर येऊन संडासात थोडी रडले, मग तोंड धुतलं.

हॉलिस क्रेमर कॉरिडॉरमध्ये भेटला. माझ्याच तुकडीतला, नेब्रास्काचा, दारातून वाकून आत येतो. "ओचोआ, तू म्हणे पहिल्याच दिवशी बाजी मारलीस. मी तर त्या बिचाऱ्याचा ओठ चिरला." हसत होता, पण नजर माझ्यावर रोखलेली. गुणांच्या यादीत सध्या मी वर आणि तो खाली. हे तो विसरणारा नाही.

२१ जुलै

सॅन अँटोनियोत इतकी वर्षं काढली तरी असला उन्हाळा पाहिला नव्हता. बाकी लोक म्हणतात नेहमीसारखाच आहे. घरात एसी मी शेवटपर्यंत खाली आणला. एफ्रेन स्वेटर घालून जेवायला बसला, आणि नोएलिया पांघरूण गुंडाळून. "मम्मी, पेंग्विन आणूया का घरात?" कार्टी नऊ वर्षांची आहे आणि जीभ बापाची.

एफ्रेन शाळेत मुलांना मारियाची संगीत शिकवतो. दिवसभर बेसूर ट्रंपेट ऐकून येतो आणि तरी शांत. मी दिवसभर शांत थिएटरात असते आणि घरी येऊन दारावर खेकसते. आज टॉर्टिया गार झाला म्हणून ओरडले. त्याने दुसरा शेकला. तोही खाल्ला. त्याच्यानंतर आणखी चार खाल्ले.

३ ऑगस्ट

लष्कराची वजन-मापाची तपासणी झाली. दरवर्षी मी आठवडाभर आधी उपाशी राहते, यंदा पोटभर खाऊन गेले आणि तरी वजन झक्क उतरलेलं. बाकीच्या बायका जळून खाक. "काय करतेस गं?" विचारत होत्या. म्हटलं, "धावपळ." खरंच आहे. दिवसभर पायावर असते.

धावण्याच्या परीक्षेत मात्र माती खाल्ली. निम्म्यात छाती अशी धडधडली की थांबून गुडघ्यावर हात ठेवावे लागले. वय झालं की काय? चौतिशीत?

११ ऑगस्ट

आज एक वाईट गोष्ट झाली. वाईट म्हणजे कुणाला काही झालं नाही.

एका म्हाताऱ्या निवृत्त मेजरच्या मनगटातल्या धमनीत सुई घालायची होती. सोपं काम. सुई धरली आणि तिचं टोक हलायला लागलं. टोक हलतंय म्हणजे माझी बोटं हलतायत हे कळायला क्षण गेला. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा चुकले. मेजर भुलीत होते म्हणून बरं. मागून क्रेमर आला, "मला बघू दे, आज माझी एकही झाली नाहीये," म्हणाला आणि सुई घेऊन मोकळा झाला. एका फटक्यात घातली. बाईंच्या समोर.

संधीच बघत असतो.

कॉफी फार होते माझी. उद्यापासून बंद.

१८ ऑगस्ट

पापा मेक्सिकोच्या सीमेवरच्या ईगल पासहून बसने आले होते. सुट्टी होती, म्हणून एफ्रेनने सकाळीच बार्बाकोआचं मांस आणलं. पापा एकाच हाताने खातात, दुसरा मांडीखाली दाबून धरतात. नव्या माणसाला वाटेल ऐटीत बसलेत.

पार्किन्सन. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा डॉक्टरांनी नाव दिलं, पण हात त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. पापा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सीमेच्या नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही गावांत, त्यांच्या हातची अक्षरं होती. फूटपट्टी न लावता सरळ रेघ. मग एक दिवस एका बेकरीच्या पाटीवर रेघ वाकली. घरी येऊन त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, पुसले, आणि शेजाऱ्याला देऊन टाकले. चाळिशीही उलटली नव्हती त्यांची.

आज मी त्यांना कॉफी ओतत होते. बशीत सांडली. पापांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर बघायला लागले. पेकानच्या झाडावर काळे पक्षी कलकलत होते, तेच बघत बसले. मुक्कामाला आले होते, पण दुपारच्या बसनेच निघाले. म्हणे घरी काम आहे. काय काम? एकटा माणूस. नोएलियाने त्यांच्यासाठी चित्र काढलं होतं, तेही टेबलावर विसरले.

माझं काय चुकलं कोण जाणे. नीट बोललेसुद्धा नाहीत.

३० ऑगस्ट

कॉफी बंद करून दोन आठवडे उलटले. हात तसेच.

ग्लास धरते, पाणी हलतं. कागद तळहातावर ठेवला तर पानासारखा कापतो. एफ्रेनला दाखवलं नाही. संध्याकाळी तो गिटारच्या तारा बदलत होता, त्याची बोटं बघत बसले. किती गपगार बोटं.

माझं वय चौतीस. पापांना सुरू झालं तेव्हा ते अडतीसचे असतील.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

१० सप्टेंबर

आज रॅन्समबाईंची तोंडी परीक्षा. एकेकाला खोलीत बोलावून उभ्या उभ्या धुतात. मला विचारलं, "रुग्णाचा थायरॉईड वाढलेला आहे आणि कुणाला माहीत नाही. भूल देण्याआधी तुम्ही कशावरून ओळखाल?"

घडाघडा म्हणून दाखवलं. नाडी जलद. वजन उतरलेलं, भूक मात्र वाढलेली. उकाडा सोसत नाही. घाम. चिडचिड. केस गळतात. हात कापतात. न ओळखता भूल दिली तर टेबलावर काय वादळ उठू शकतं आणि तेव्हा कोणती औषधं, कोणत्या क्रमाने. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "उत्तम. एकही सुटलं नाही."

घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण पूर्ण गुण. क्रेमरला कमी. घरी जाताना गाडीत मोठ्याने गाणी म्हटली. महिन्याभरात पहिल्यांदाच बरं वाटलं.

आंघोळीच्या मोरीत केसांचा गुंता अडकून पाणी तुंबलंय. नोएलियाला सांगायला हवं, केस विंचरून मग आंघोळ कर.

२२ सप्टेंबर

निभावतेय. युक्त्या सापडल्यात. कोपर टेबलाला टेकवायचं. करंगळी रुग्णाच्या गालावर रोवायची, म्हणजे बाकीची बोटं ऐकतात. सोप्या नसा असलेले तरुण शिपाई मागून घ्यायचे.

क्रेमर मात्र पिच्छा सोडत नाही. रोज सकाळी मुद्दाम जवळ येतो, अगदी तोंडाशी, आणि "काय ओचोआ, झोप झाली का?" विचारतो. माझा ट्रे मी यायच्या आत मांडून ठेवतो, औषधांच्या कुप्या फोडून, सुया भरून, लेबलं लावून. वर निरागस चेहरा. बाईंना दाखवायचंय, ओचोआला साधी तयारी जमत नाही. आज शेवटी म्हटलंच, "माझं काम मला करू दे, हॉलिस."

तो म्हणाला, "तुला काही सांगायचंय का मला?"

"काय सांगायचंय?"

"काही नाही. असलं तर सांग."

बाईंच्या कानाला लागायला काहीतरी हवं असेल.

३ ऑक्टोबर

आज केलं. आता जे व्हायचं ते होवो.

सकाळी यादीत माझं नाव एका बाळासमोर होतं. आठ महिन्यांचं, हर्निया. त्याची आई सप्लायमधली कॉर्पोरल, वय असेल वीस-एकवीस. गणवेशात आली होती, बाळ खांद्यावर. बाळाने माझं ओळखपत्र पकडून तोंडात घातलं. ती म्हणाली, "मॅडम, याचा हात फार गुबगुबीत आहे. मागे रक्त घेताना नस सापडेना, तीनदा टोचलं. तुम्हाला सापडेल ना?"

मी तो हात हातात घेतला. मनगटाला वळी पडलेल्या. माझ्या बोटांत त्याची बोटं हलत होती, आणि हलत होते माझे हात, बाळ नव्हे.

म्हटलं, "मी आलेच."

बाई हात धूत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, ते बाळ माझ्याकडे देऊ नका."

"का?"

"माझे हात कापतात. दोन महिने झाले. मी लपवलं. मोठ्यांमध्ये निभावलं, पण त्या हातावर मी सुई लावणार नाही."

त्यांनी नळ बंद केला. ओले हात तसेच वर धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं आवाज चढेल. चढला नाही. "हात पुढे करा," म्हणाल्या. केले. बघितलं. "क्रेमर बाळ घेईल. तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा, मग माझ्या ऑफिसात या."

ऑफिसात सगळं सांगितलं. पापांचंही. बाई म्हणाल्या, "लपवलंत ही गोष्ट मी लिहून ठेवणार आहे. आज सांगितलंत हीसुद्धा." मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मागितली, मिळाली ती पंधरा दिवसांनंतरची. तोवर कुठल्याही रुग्णाला हात लावायचा नाही. तास ऐका, बघा, शिका.

उठताना विचारलं, "मॅडम, असेल तर मी बाहेर ना?"

"असेल तर," त्या म्हणाल्या. खोटं नाही बोलल्या.

क्रेमरने बाळाची नस पहिल्या फटक्यात पकडली. ऐकून इतकं बरं वाटलं की त्याचा राग करायचाही विसरले.

घरी एफ्रेनला सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं." म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" म्हणाला, "तू रोज सकाळी इतकी हट्टाने बूट बांधून जायचीस. कुठल्या तोंडाने बोलू?" मग दोघंही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडलो. नोएलिया आली, आमच्याकडे बघितलं, आणि टिश्यूचा डबा मध्ये ठेवून निघून गेली.

७ ऑक्टोबर

बघते. ऐकते. मोकळे हात खिशात घालून कॉरिडॉरमध्ये उभी राहते. सगळे फार गोड बोलतात, ते सहन होत नाही.

आज पहिल्यांदा नीट विचार केला. भूलतज्ज्ञ नाही तर काय? शिकवता येईल. आजारी जवानांच्या पुनर्वसनात काम असतं. पापांनी ब्रश देऊन टाकले त्यानंतर ते आयुष्यभर त्या बेकरीसमोरून गेले नाहीत. मला तसं करायचं नाही. एवढं ठरवलं.

१० ऑक्टोबर

हे नीट लिहायला हवं. एफ्रेन म्हणतोय झोप आता, पण नाही.

दुपारी खांद्याची भूल शिकवायची होती. मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या वर, हाताकडे जाणाऱ्या नसा असतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्या शोधायच्या, शेजारी सुई न्यायची. सरावाला आम्हीच एकमेकांच्या माना धरतो. सुई नाही, नुसतं यंत्र. मला हात लावायची बंदी, म्हणून म्हटलं मीच झोपते टेबलावर. काहीतरी उपयोग.

क्रेमरची पाळी. थंडगार जेली माझ्या मानेवर फासली. "ओचोआ, गुदगुल्या झाल्या तर सांग, आणखी करतो."

"गप, नस शोध."

यंत्र फिरवत फिरवत तो गळ्याच्या मध्याकडे आला आणि थांबला. मागे गेला. परत आला. मी छताकडे बघतेय. तो म्हणाला, "ओचोआ, हे काय घेऊन फिरतेस तू गळ्यात?"

"माळ आहे. काढायला विसरले."

"माळ नाही." त्याच्या आवाजातली मस्करी गेली होती. "मॅडम, जरा इकडे येता?"

रॅन्समबाई आल्या. चष्मा कपाळावरून नाकावर. त्याच्या हातातून यंत्र घेतलं. एक बटण दाबलं, रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं. मान वळवून मीही पडद्याकडे पाहिलं. श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना लाल-निळ्याचा आगडोंब. फिएस्टाच्या उत्सवात शेवटच्या रात्री नदीवर आतषबाजी होते तसा.

मला वाटलं, गाठ. झालं. हातही गेले, गळाही गेला.

बाईंनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडे न बघता नुसतं धरलं. "कॅप्टन ओचोआ, उन्हाळ्यापासून वजन किती उतरलं?"

"बरंच. पण मी खातेय, मॅडम. खूप खातेय."

"उकडतं?"

"हो."

"केस?"

मोरीतला गुंता आठवला. तो नोएलियाचा नव्हता. तिचे केस कुरळे, बापासारखे.

बाई म्हणाल्या, "महिन्यापूर्वी माझ्या ऑफिसात उभं राहून तुम्ही मला ही सगळी यादी तोंडपाठ म्हणून दाखवलीत. घामाने निथळत. कापऱ्या हातांनी. आणि मी तुम्हाला म्हटलं, उत्तम, एकही सुटलं नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. मग क्रेमर हसला. मग बाई, ज्यांना मी वर्षभरात हसताना पाहिलेलं नाही, चष्मा काढून डोळे पुसत हसायला लागल्या. "तुम्ही आंधळ्या आणि मी ठार आंधळी," म्हणाल्या. मी जेली लागलेल्या मानेने तिथेच पडून विचारलं, "म्हणजे पार्किन्सन नाही?"

"मेंदूच्या डॉक्टरांकडे तुम्ही जाणार आहातच. पण मला विचाराल तर हा थायरॉईड आहे, आणि चांगला माजलेला आहे. रक्त द्या आत्ताच्या आत्ता."

संध्याकाळी अहवाल आला. आकडे पार भरकटलेले. डॉक्टरांनी थायरॉईडवरचं औषध दिलं, आणि त्याचा असर व्हायला वेळ लागतो म्हणून ठोके आणि हातांचं कापरं आवरायची एक वेगळी गोळी.

ती गोळी घेऊन घरी टेबलाशी बसले. समोर काठोकाठ पाण्याचा ग्लास. एफ्रेन शेजारी. नोएलिया समोर, हनुवटी टेबलावर टेकवून. थोड्या वेळाने ग्लास उचलला. पाणी थोडं हललं. आणखी थोड्या वेळाने उचलला.

"मम्मी, हललं नाही," नोएलिया म्हणाली.

"तू फुंकर मारू नकोस."

"मी मारलीच नाही! खरंच हललं नाही!"

११ ऑक्टोबर

पापांना सकाळी फोन केला. म्हटलं, "पापा, माझे हात कापत होते."

ते म्हणाले, "माहीत आहे. त्या दिवशी कॉफी ओतताना पाहिलं."

"म्हणून निघून गेलात?"

"तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काय होतं? एवढंच गेलं माझ्याकडून तुझ्याकडे. तिथे बसवेना."

मी सांगितलं. थायरॉईड. तुमचं नाही. ओफेलिया मावशीला होतं ना, तिचे डोळे मोठे झाले होते, तेच असणार. आईच्या बाजूचं. औषध आहे. काल रात्री पाणी हललं नाही.

"हललं नाही?"

"नाही, पापा."

"गोळीने थांबलं?"

"थांबलं."

"थांब हं," म्हणाले आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज. परत आले ते नाक ओढत. "शेगडीवर काहीतरी ठेवलं होतं," म्हणाले.

पापांनी कधीपासून स्वयंपाक सुरू केला कोण जाणे.

२० ऑक्टोबर

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि म्हणाले, "तुमच्या मेंदूला माझी काही गरज नाही." मी ते लेखी मागून घेतलं.

क्रेमरला कँटीनमध्ये गाठलं. म्हटलं, "तुझी माफी मागायची आहे. मला वाटायचं तू माझ्या जागेवर टपलायस."

तो टॅको खाता खाता थांबला. "मी?"

"माझे ट्रे मांडायचास. सुया ओढून घ्यायचास."

"कारण तुझे हात कापत होते, बाई!" मग कानापर्यंत लाल झाला. "मलाही माफी मागायची आहे. मला वाटलं तू पितेस."

"काय?"

"रोज सकाळी तोंडाजवळ येऊन वास घ्यायचो. आला असता तर त्याच मिनिटाला कर्नलकडे गेलो असतो, तुला सांगून ठेवतो. पण वास नुसता टॉर्टियाचा यायचा."

इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे नौदलवाले वळून बघायला लागले.

१८ नोव्हेंबर

सर्जन म्हणतात ग्रंथी फार मोठी झालीय, नुसत्या औषधाने वर्ष-दोन वर्षं लोंबकळत राहाल, आकडे जागेवर आले की काढून टाकू. नंतर आयुष्यभर रोज एक गोळी. चालेल.

या सगळ्यात मी तुकडीच्या मागे पडले. मागच्या तुकडीबरोबर पुढे जायचं, म्हणजे पदवी उशिरा. बाईंनी पत्र दिलं तेव्हा मला वाटलं फार लागेल. लागलं, पण जेवणापर्यंतच. लपवल्याची नोंद माझ्या फाइलमध्ये आहे, ती राहणार. राहू दे, खरीच आहे.

एसी आता नोएलिया म्हणेल तसा असतो. परवा मला थंडी वाजली. एफ्रेनने कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

१३ जानेवारी

उद्या ऑपरेशन. बाईंनी विचारलं, "भूल कुणाकडून हवी? माझ्याकडून घेऊ शकता."

म्हटलं, "तुम्ही उभ्या राहा, मॅडम. पण क्रेमरला देऊ दे."

"तो शिकाऊ आहे अजून."

"मला माहीत आहे तो कसा शिकलाय. माझ्याच ट्रेवर."

क्रेमरला सांगितलं तर पांढरा पडला. मग पूर्वतपासणीला आला तो अगदी नियमाने, तक्ता घेऊन. "तोंड उघडा. मान मागे. कवळी, सैल दात?" जणू मला कधी पाहिलंच नाही. शेवटी विचारलं, "काही शंका, कॅप्टन?"

"हॉलिस, तू हे आधी केलंयस ना?"

"पुष्कळदा," म्हणाला.

इतक्यांदा लोकांना सांगितलं, काही कळणार नाही, मी इथेच आहे. आज पहिल्यांदा कळलं, हे ऐकणाऱ्याला किती कमी वाटतं. आणि तरी तेवढंच लागतं.

१६ जानेवारी

परवाचं जेवढं आठवतं तेवढं लिहिते. गळ्यावर पट्टी आहे, म्हणून वही छातीवर ठेवून.

थिएटर थंड. मी कितीदा उभी राहिलेली जागा, पण झोपून पाहिलं तर छताला एक ओल आलेली दिसते. ती कधी दिसली नव्हती. क्रेमरचा चेहरा उलटा, माझ्या डोक्यामागून. त्याच्यामागे रॅन्समबाई, हात मागे बांधून. क्रेमर म्हणाला, "एखादी चांगली जागा आठव." मी नदीकाठ आठवायला लागले, ईगल पासचा, आणि

आणि मग तोच उलटा चेहरा. तोच मास्क.

मी म्हटलं, "कधी सुरू करणार?"

"झालं."

"काय झालं?"

"सगळं झालं, ओचोआ. चार तास झाले. माझा शर्ट पिळून घे." मग घाईने, "ई म्हण. मोठ्याने ई म्हण."

गळ्यातून आवाजाची नस जाते, तिला धक्का लागला की आवाज जातो. मला माहीत होतं. त्यालाही. मी "ई" म्हटलं. घोगरा, फाटका, पण आवाज. बाईंनी मागून हळूच सुस्कारा सोडला. क्रेमर नुसता माझं पांघरूण पुन्हा पुन्हा सारखं करत राहिला.

खोलीत आणलं तेव्हा एफ्रेन होता, आणि पापा. पापा पहाटेच्या बसने आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि दोन्ही हात बाहेर.

नर्सने बर्फाच्या चुऱ्याचा कप ठेवला, थोडा थोडा द्या म्हणाली. एफ्रेन उठला, पण पापांनी कप आधीच उचलला होता. चमच्यात बर्फ घेतला. चमचा कपाला टणटण वाजायला लागला. माझ्यापर्यंत येईतो निम्मा बर्फ चादरीवर, थोडा माझ्या हनुवटीवर, थोडा कानात. पापा थांबले. एफ्रेनने हात पुढे केला. मी डोळ्यांनीच त्याला नको म्हटलं.

जो एक तुकडा तोंडात पोचला, तो इतका गार, इतका छान होता.

पापा माझ्याकडे बघत होते. यावेळी खिडकीकडे नाही.

माझ्या नव्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, "पापा, अजून एक."